वळणावरचं फूल

माझ्या तोंडाला ब्रेक नाही. उभं आयुष्य बस चालवली, कुणाला साधं खरचटलं नाही. पण गाडीसारखी जीभ आवरता आली असती, तर आज सूनबाईच्या नजरेला नजर देऊन चहा प्यायलो असतो.

घाटातल्या एका वळणावर मी इंजिन थंड करायला गाडी थांबवायचो. तिथे कडेला पांढरी रानफुलं यायची. संध्याकाळी त्यांचा वास खिडक्यांतून असा आत शिरायचा की जागेवरून भांडणारे प्रवासीसुद्धा गप्प व्हायचे. निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीला तिथलं मूठभर बी खिशात घालून आणलं. पहिलं वर्ष रोप कुंडीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत उबेला ठेवलं. नुसती पानं. मग मागच्या अंगणात वाफा करून तिथे लावलं, आणि यंदा ते फुललं. मी गल्लीभर मिरवलो. दूधवाल्यालासुद्धा हाताला धरून वाफ्यापाशी नेलं.

आमचे व्याही आमच्याकडेच राहतात. राहत होते, म्हणायला हवं. सूनबाईचे वडील, धंद्याने शिंपी, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बायको गेल्यावर एकटे पडले तेव्हा मीच म्हणालो होतो, "इथे या, घर तुमचंच आहे." माणूस फार टापटिपीचा. जमिनीवर धागा पडलेला खपायचा नाही. कुणी न सांगता रोज सकाळी अंगण झाडायचे.

थंडी पडली आणि एक दिवस बघतो तर वाफा सपाट. पान नाही, काडी नाही. माझं डोकंच फिरलं. सगळे जेवायला बसले होते, तिथेच मी सुरू झालो.

"मास्तर, तुमच्या झाडूने माझं झाड खाल्लं!"

ते मान खाली घालून बसले. त्यांच्या गप्प बसण्याने मला आणखीच चेव आला.

"दुसऱ्याच्या घरात राहायचं, तर हात आवरून राहावं माणसानं!"

सूनबाईच्या हातातली पळी वाढता वाढता थांबली. मुलगा "बाबा!" म्हणून ओरडला. मास्तर मात्र हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि ताट उचलून उठले. संध्याकाळी कळलं, ते उद्या दुपारच्या गाडीने पुतण्याकडे चाललेत, कायमचे. मला चुटपुट लागली, नाही असं नाही. पण घाटात रिव्हर्स घेईल तो ड्रायव्हर कसला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाफ्यात लसूण लावून टाकू म्हणून रागारागाने कुदळ घातली. कचकन काहीतरी तुटलं. माती बाजूला केली तर जाडजूड पांढरं मूळ, मधोमध चिरलेलं, आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी कोंब. जिवंत! थंडीत ते झाड वरून वाळून जातं आणि खाली मुळाशी झोपून राहतं, हे मला ठाऊकच नव्हतं. बारा महिने त्या वळणावरून गाडी नेली, पण फुलं नसताना मी तिकडे कधी पाहिलंच नव्हतं.

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मूळ हातात घेऊन तसाच आत धावलो. मास्तर बॅगेची चेन लावत होते. सूनबाई शेजारी त्यांचा डबा बांधत होती.

"मास्तर, जिवंत आहे हे! कुदळ मीच घातली आत्ता. तुम्ही काहीच केलं नव्हतं."

त्यांनी मूळ दोन्ही हातांत घेतलं. त्यांचे डोळे भरून आले.

"वाळक्या काड्या मीच कापल्या होत्या हो," ते म्हणाले. "माझ्या कात्रीने. मग तुम्ही बोललात, तेव्हा वाटलं माझ्याच हातून मेलं. तुमचा केवढा जीव त्याच्यावर! काय तोंड उघडणार होतो मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांची बॅग धरली. "चुकलो मी, मास्तर. राहा."

त्यांनी बॅग ओढली नाही, सोडलीही नाही.

"फुलाचं मिटलं हो. फुटवा आला की कळवा. येईन ना, पाहुणा म्हणून."

मी पोहोचवायला निघालो तर सूनबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू द्या बाबा, मी जाते."

मुळाचे दोन्ही तुकडे मी पुन्हा पुरले. अंगण आता मीच झाडतो. त्यांच्यासारखं स्वच्छ होत नाही. काल दोन्ही तुकड्यांना हिरवी टोकं फुटलेली दिसली, तेव्हा धीर करून फोन लावला.

"दोन्ही जगले? अरे वा!" मास्तरांना खरोखरच आनंद झाला होता. "येतो की. किती दिवसांसाठी येऊ?"

घर तुमचंच आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ते आता कुठल्या तोंडाने म्हणू?