योग्य नाव भरा

संगणकाच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत तीच ओळ पुन्हा उमटली: ‘योग्य नाव भरा.’

भिमाबाईनं मान पुढं काढून ती अक्षर-अक्षर जुळवत वाचली. “माझं नाव योग्य न्हाई व्हय गं पोरी? मंग जलमभर लोकं मला काय म्हनून हाका मारतेत?”

मायाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. माजलगावच्या भाजीबाजारातल्या गाळेवाल्यांची नोंद करणारी ही वेबसाइट तिनंच बीडच्या ऑफिसात बसून लिहिली होती. नावं तपासायला तिनं फुकट मिळणारी एक लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, त्यात जोडली होती. आज ती माजलगावला बसमधून उतरून नोंदणीच्या टेबलाशी नुकतीच बसली, तर हे.

तिनं नुसता ‘भ’ भरला. चालला. वेलांटी दिली. तांबडी ओळ! नावात फक्त अक्षरं हवीत असा त्या लायब्ररीचा नियम, आणि तिच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरंच नव्हेत. कुठल्या देशात बसून कुणी ठरवलं हे? आणि आपण तरी काय केलं? इंग्रजीत ‘रवी’ लिहून बघितलं अन् मोकळ्या झालो.

“भमबई लिही,” तिच्या कंपनीचे मालक सुंदरराव मागून म्हणाले. “सकाळपासून मी तसंच भरतोय.”

“तसंच म्हंजे?” मायानं वळून विचारलं.

“त्या वत्सलाबाईचं वतसलबई केलं. झटक्यात घेतलं. कार्ड कपाळाला लावून गेली बिचारी.”

“तिला वाचता येत न्हाई म्हनून!” माया म्हणाली.

“मला येतंय,” भिमाबाई म्हणाली. “म्हातारपनी वर्गाला बसले मी. काना गिरवून गिरवून बोटं धरायची. तोच खोडता व्हय सायेब?”

“ओ बाई, पाव्हणे येतील आता उद्घाटनाला. गाळा मिळतोय ना? नावाचं काय घेऊन बसलात!”

माया ताडकन उठली. “सर, तुमच्या पाटीवर ‘सदररव’ लिहून आनू का?”

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. सुंदरराव लाल झाले. “लायब्ररीत हात घालू नको. तिची नवी आवृत्ती आली की तुझं सगळं पुसून जाईल.”

“तिच्यात न्हाईच घालत.”

तिनं लायब्ररीची तपासणी बाजूला ठेवली आणि आपल्या कोडमध्ये स्वतःचा नियम लिहिला: देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह नावात चालेल. एका ओळीचं काम. एवढ्या एका ओळीवाचून बायांची नावं सोलून काढली होती!

भिमाबाईचं कार्ड निघालं. तिनं वेलांटीवर बोट ठेवलं, मग दोन्ही कान्यांवर, आणि कार्ड कमरेला खोचून गेली.

वत्सलाबाईचं नवं कार्ड घेऊन माया बाजारात धावली. वांग्यांच्या ढिगावर ‘वतसलबई’ लिहिलेलं कार्ड दोऱ्यानं टांगलेलं होतं, हळदीकुंकू वाहिलेलं.

“मावशी, ते चुकलंय. हे घ्या, ते द्या.”

वत्सलाबाईनं दोरा तोडला आणि कार्ड पदराखाली धरलं. “लई शानी हायस! दिलेलं परत मागती? गाळा काढून घ्यायचा डाव हाय तुमचा.”

“मावशी, त्याच्यावर तुमचं नावच न्हाई हो.”

“न्हाई कसं? सायबानं सोता वाचून दावलंय.”

माया नवं कार्ड पुढं करून उभी राहिली. वत्सलाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पदराबाहेर आलेल्या कोपऱ्यावरचं कुंकू अजून ओलं होतं.