मेव्हण्यासाठी रीळ

"मेव्हण्यांचा हात कसा आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

मला मेव्हणा नाही. बायको एकुलती एक. पण काउंटरवर मासे धरायच्या काठीची सात-आठ रिळं मांडून ठेवलेली, दुकानदार समोर उभा, अशा वेळी हे कबूल करायची सोय नव्हती. मी म्हटलं, तुमच्याएवढाच असेल, चांगला रुंद पंजा आहे.

मग त्यांनी विचारलं, गळ टाकणार कुठून, खडकावरून की वाळूवरून? मी म्हटलं वाळूवरून. काठी केवढी? मी हात वर करून दाखवला, मग जरा जास्तच झालं असं वाटून थोडा खाली घेतला. मिस्त्रींनी मान डोलावली आणि ते रिळांकडे वळले. थाप मारायची तर अभ्यास करून मारावी, हे मला त्या दिवशी कळलं.

गोष्ट अशी होती की मिस्त्री महिनाअखेरीला निवृत्त होत होते. आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते एकतीस वर्षं पंप सांभाळत होते आणि मी त्यातली सव्वीस वर्षं कारकुनी करत होतो. हजेरी, रजा, ड्यूटीचा तक्ता, सगळं माझ्याकडे. निरोपाची भेट आणायचं कामही परंपरेनं माझ्याच गळ्यात. आमच्या स्टोअरकीपरचं म्हणणं होतं, भिंतीवरचं घड्याळ देऊन मोकळे व्हा. तो प्रत्येकाला घड्याळच सुचवतो. पण मी नोकरीला लागलो तेव्हाचे मिस्त्री मला आठवत होते. सोमवारी नाक आणि कान उन्हानं लाल करून यायचे आणि काल किती हातांची दोरी गेली, मासा कसा आला, कसा सुटला, हे जेवणाच्या सुट्टीत हातवारे करून सांगायचे. मी ठरवलं, द्यायचं तर रीळ द्यायचं.

आता रिळातलं ऑफिसात कोणाला कळतं? एकट्या मिस्त्रींना. म्हणून मी मेव्हणा काढला. त्यांची भेट त्यांच्याच हातानं निवडून घ्यायची, आणि त्यांना पत्ताही लागू द्यायचा नाही! स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

दुकानदारानं सगळ्यात चकचकीत रीळ पुढे सरकवलं. सोनेरी कडा, बारा बेअरिंगं. मिस्त्रींनी ते उचललं, हँडल एकदा फिरवलं आणि परत ठेवलं.

"बारा बेअरिंगं म्हणजे गंजायला बारा जागा," ते म्हणाले. "चार असू देत, पण बंद असू देत. मीठ आणि वाळू दोघी बहिणी आहेत भाऊसाहेब, एक आत गेली की दुसरीला दार उघडून देते."

दुकानदार हिरमुसला. त्यानं अगदी स्वस्तातलं दाखवलं. ते मिस्त्रींनी कानाशी धरून फिरवलं, पंपाचं ऐकतात तसं, डोळे मिटून. मग हँडल मागं-पुढं हलवून मला दाखवलं. मधे जरासा ढिलेपणा होता. नव्यातच एवढं हलतंय तर सहा महिन्यांनी दात झिजतील, असं ते म्हणाले. दोरी जिच्यावरून वळून येते ती एवढीशी चाकी नखानं फिरवून बघितली. ती अडकली तर दोरी कापत जाते, आणि माणूस दोरीला शिव्या देत बसतो. दोरी मोकळी सोडणारी तारेची कमान दहा-बारा वेळा उघडून मिटली. कुठल्याचं हँडल नुसतं खिळ्यावर बसवलेलं, तर कुठल्याचं आट्यांनी आत घट्ट जाणारं, हे बघितलं. दोरी किती ताणाला सुटायची ते ठरवणारा वरचा स्क्रू आवळून, दोरीचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, ओढा. मी ओढली. दोरी आचके देत सुटली. ते रीळही बाजूला गेलं.

मी एवढी वर्षं या माणसाला बघत होतो, पण असा बघितला नव्हता. पंपघरात ते नाकासमोर बघून काम करणार, हो म्हणणार आणि निघून जाणार. इथे त्यांच्या बोटांना जणू बोलायला आलं होतं. दुकानदारसुद्धा मुकाट्यानं मागचे खोके उघडायला लागला.

शेवटी दोन उरली. एक जरा महाग, एक मधल्या भावातलं, काळं, बिनदिमाखाचं. मिस्त्रींनी विचारलं, "मेव्हणे जाणार किती वेळा?"

"दर रविवारी," मी ठोकून दिलं.

मिस्त्रींनी हातातलं महाग रीळ खाली ठेवलं. "दर रविवारी. नशीबवान आहेत." मग काळं रीळ हातात घेऊन म्हणाले, "मग हे घ्या. त्या महागात वजन कमी आहे, बाकी काही नाही. याचे आतले दात धातूचे आहेत, सुटे भाग कुठेही मिळतील, आणि ग्रीस घालत राहिले तर पंधरा वर्षं कुठे जात नाही. फक्त घरी आल्यावर वरचा स्क्रू आवळून गोड्या पाण्यानं हलकं धुवायचं. नळाखाली धार सोडून नाही. धारेनं मीठ उलट आत जातं."

मी सहज, अगदी सहज विचारलं, "तुमचं कोणतं आहे मिस्त्री?"

"माझं? होतं की. पडून पडून गंजलं, धरलं ते. गेलोच नाही तर काय होणार." ते दोरीचं टोक नीट खाचेत अडकवत होते. "नऊ वर्षं झाली असतील. रविवार कुठे मिळाला?"

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोललो असतो. पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ड्यूटीचा तक्ता मी करतो.

पंपघरात चार जण. रविवार आळीपाळीनं वाटायचे असा नियम आहे, भिंतीवर लावलेलाही आहे. पण एकाची आई आजारी असायची, दुसऱ्याच्या घरी पाहुणे, तिसऱ्याची साहेबांकडे ऊठबस. प्रत्येकजण माझ्या टेबलाशी येऊन गाऱ्हाणं सांगायचा आणि मी रविवारच्या चौकटीत मिस्त्रींचं नाव घालायचो. पहिल्यांदा विचारून घातलं. दुसऱ्यांदा सांगून घातलं. नंतर नुसतंच घालत गेलो. त्यांना बदली सुट्टी बुधवारी असायची, पण बुधवारी काही बिघडलं की शिपाई त्यांच्याच दारात, कारण बाकीच्यांना सुधरायचं नाही. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं म्हणतात ते हेच, आणि खणणारा मीच होतो. मिस्त्री हल्ली माशांच्या गोष्टी का सांगत नाहीत, असा प्रश्न मला नऊ वर्षांत एकदाही पडला नाही. वाटलं असेल, माणूस वयानं गप्प झाला.

मी रीळ घेतलं. परत येताना मिस्त्री मेव्हण्यांसाठी आणखी सूचना देत होते आणि मी हो हो करत होतो. माफी मागावी असं तीनदा मनात आलं. पण काय म्हणून मागायची? एखादा दिवस चुकून गेला तर माणूस सॉरी म्हणतो. नऊ वर्षांच्या रविवारांना काय म्हणायचं?

निरोपाच्या दिवशी त्यांनी खोका उघडला आणि ते आत बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. स्टोअरकीपरनं बोलायचा आग्रह केला तेव्हा ते उठले आणि एवढंच म्हणाले की भाऊसाहेबांच्या मेव्हण्यांचे फार आभार, त्यांची निवड चांगली आहे. सगळे हसले. साहेबांना काही कळलं नाही, तेही हसले.

दुसरा दिवस शनिवार आणि तिसरा रविवार.

रविवारी नऊच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. तीन नंबरचा पंप पाणी उचलत नव्हता. ड्यूटीवर पंपघरातल्या चौघांतला धाकटा होता. मिस्त्रींच्याच हाताखाली तयार झालेला, कामाला बरा, पण सावकाश. लोकांच्या घरी दुपारपर्यंतचं पाणी होतं. पण साहेबांना दम कुठला! म्हणाले, जीप घ्या आणि मिस्त्रींना घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे त्यांच्या हातचं. मी म्हटलं, साहेब, ते निवृत्त झाले. साहेब म्हणाले, माहीत आहे हो, परवाच मीच शाल दिली त्यांना, येतील ते, नाही म्हणायचे नाहीत.

येतील हे मलाही माहीत होतं. म्हणूनच जाऊ नये असं वाटलं. आणि तरी ऑफिसचे कपडे चढवून मी गेलो, हेही सांगायला हवं. सव्वीस वर्षांची सवय. जित्याची खोड.

मिस्त्रींच्या घराचं दार वहिनींनी उघडलं. मागे रस्त्यात ऑफिसची जीप बघितली आणि त्यांचा चेहरा पडला, पण आत या म्हणाल्या. मिस्त्रींचा फोन टेबलावरच होता. मिस्त्री घरात नव्हते.

"बोलवायला आलात?" त्यांनी विचारलं.

मी चपला काढायला दाराशीच वाकलो.

"वाळूवर गेलेत. उजाडायच्या आधीच गेले. जाताना काहीतरी गुणगुणत होते." पदराला हात पुसत त्या थांबल्या. "किती वर्षांनी ऐकलं मी ते."

मग त्यांनीच मला रस्ता सांगितला. डावीकडे बोटी ओढून ठेवतात तिथून पुढे. एका शब्दानं म्हणाल्या नाहीत की नेऊ नका. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

जीप मी वरच ठेवली आणि चालत खाली उतरलो. ओहोटी होती. चपलेत वाळू जात होती, ऊन पाठीवर यायला लागलं होतं. मिस्त्री घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. काठी उंच धरलेली आणि काळं रीळ हाताखाली. आणखीही दोघं-तिघं लांब लांब उभे होते, पण त्यांच्यात एवढं ताठ कोणी नव्हतं. एक फेक मी बघितली. काठी मागे गेली, अंग वळलं आणि दोरी सुटली ती किती तरी वेळ जातच राहिली. मी थांबून बघत राहिलो. परत जावं असंही मनात आलं.

तेवढ्यात त्यांनी मान वळवली आणि मला बघितलं.

एक क्षणही गेला नसेल. त्यांनी रीळ फिरवायला सुरुवात केली. भराभर, सवयीनं, चेहऱ्यावर काही नाही. आताच टाकलेली ती सगळी दोरी ओढून घेत ते माझ्याकडे मागे मागे यायला लागले. चिडले असते, निदान कपाळाला आठी पडली असती, तरी मला सोसलं असतं.

"कितवा?" त्यांनी विचारलं. "तीन नंबर ना?"

"कुठलाच नाही," मी म्हटलं. "सहज आलो. म्हटलं बघावं तरी रीळ कसं चालतंय."

मिस्त्रींनी माझ्या पायांकडे बघितलं. ऑफिसच्या कपड्यांत, ऑफिसच्या चपला घालून वाळूत सहज कोण येतं? त्यांनी वर रस्त्याकडेही बघितलं, जीप दिसत होती. हात हँडलवरच होता. आणि माझ्या खिशात फोन वाजला.

साहेबच होते. मी तिथंच, त्यांच्यासमोर उचलला. साहेब विचारत होते, निघालात का?

"नाही साहेब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मिस्त्री यायचे नाहीत. ... नाही, आजारी नाहीत. ... हो, भेटलेत. माझ्यासमोरच आहेत. पण आज रविवार आहे आणि तक्त्यात त्यांचं नाव नाही. धाकट्यालाच करू द्या, त्याला येतं, वेळ लागेल एवढंच. ... लिहून द्या साहेब. उद्या टेबलावर मेमो ठेवा, मी सही करतो."

फोन बंद करून खिशात टाकला. बढती जवळ आली होती, ती डोळ्यांसमोर आलीच, खोटं कशाला बोलू. पाणी त्या दिवशी दहाऐवजी एकला सुटलं आणि मेमो मिळालाही, पण ते सगळं नंतरचं.

दोरीचं टोक वाऱ्यावर हलत होतं.

"हवा धरली असेल पंपानं," मिस्त्री हळूच म्हणाले. "वरचा नट जरा..."

"मला नका सांगू," मी म्हटलं. "मला त्यातलं काही कळत नाही. मिस्त्री, ते नऊ वर्षांचं..." आणि पुढे जमेना.

त्यांनी ऐकलं. समजलं त्यांना, कारण ते लगेच खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधायला लागले आणि उगाचच बराच वेळ शोधत राहिले. मग गळाला आमिष लावलं, दोनदा ओढून बघितलं.

"बसा भाऊसाहेब," ते म्हणाले. "वाळू कोरडी आहे तिकडे."

मी बसलो. त्यांनी काठी मागे नेली आणि फेकली. मग पाण्यात उभे राहिले, अर्धे माझ्याकडे वळून. मी काही म्हणेन, खिशातला फोन पुन्हा वाजेल, कोणीतरी वरून हाक मारेल, याची वाट बघत असल्यासारखे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी फोन बंद करून ठेवला होता. एक लाट आली, गेली, आणखी एक आली. मग हळूहळू, त्यांच्याही नकळत असेल, मिस्त्रींचा खांदा वळला, मान वळली, आणि समुद्राकडे तोंड करून त्यांनी माझ्याकडे पूर्ण पाठ केली.