चारशे बारा नंबरचा मतदार

"माझं नाव काढ," आमचे हे काजलला म्हणाले.

"राहू द्या नं काका. नेट नाही चालून राहिलं."

"आतापर्यंत तर चालून राहिलं होतं."

मतदानाला आठ दिवस होते. समोरच्या घरातली काजल, पक्षाची नवी बूथप्रमुख, आमच्या सोफ्यावर बसून यांना मोबाइलवरची मतदारयादी दाखवत होती. यांनी फोन सरळ तिच्या हातातूनच घेतला. अनुक्रमांक चारशे बारा, केशव, वय अडुसष्ट. नावापुढे पिवळा ठिपका. खाली माझं नाव, तारा. त्यापुढे मात्र हिरवा.

या रंगांचा अर्थ आमच्या घरात कुणाला सांगावा लागत नाही. हिरवा आपला, लाल त्यांचा, पिवळा डळमळीत. यांनी बत्तीस वर्षं शहराबाहेरच्या वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकुनी केली, पण जीव रमला तो या यादीत. कुठल्या घरात सासरा लाल आणि सून हिरवी, कोण तोंडावर हो म्हणून तिकडे बटण दाबतो, सगळं तोंडपाठ. आमच्या मुलाला चित्रकलेच्या तासाला हिरवी पेन्सिल कधी मिळाली नाही, ती यादीतच झिजायची. मतदानाच्या दिवशी दुपारी दोननंतर राहिलेल्या हिरव्यांना ऑटोत घालून आणायचं आणि पिवळ्यांच्या दाराकडे फिरकायचंसुद्धा नाही. "डळमळीत माणसाले झोपू द्यायचं. उठवला का तो तिकडं जाऊन बटन दाबते." काजलला हे यांनीच शिकवलं होतं.

"हे कोणी केलं?"

"मीच केलं काका." ती खाली बघत होती. "तुम्हीच सांगत होते, खूण करताना नातं नाही पाहायचं. चौकातल्या टपरीवर तुम्ही बोलले ते सगळ्यायनं ऐकलं."

"काय बोललो मी?"

"हेच, का या माणसासाठी मत मागायले माझी जीभ वळत नाही."

हा माणूस म्हणजे आमच्याच पक्षाचा उमेदवार. वीस वर्षं समोरच्या पक्षात होता. एका निवडणुकीत त्याच्या पोरांनी बूथबाहेर यांचा हात मोडला होता. दिवाळीआधी तो इकडे आला तो तिकीट खिशात घालूनच. आयत्या बिळावर नागोबा!

"अवं, बोललो म्हणजे... मी काय दुसऱ्याले मत देणार आहो?"

"नाही नं देणार?" काजलनं वर पाहिलं. "तसं सांगा काका. मी आत्ता हिरवा करते."

यांचा राग कायम नाकावर. आता हे भडकणार म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. पण यांनी फोन तिच्या हातात परत दिला.

"राहू दे," म्हणाले. "चहा घेऊन जाय."

तिनं खोटं लिहिलं असतं तर यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

मतदानाच्या दिवशी हे दरवेळी सकाळी सातला रांगेत पहिले असतात. यंदा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. मी शेजारच्या उत्तराताईबरोबर मत देऊन आले. जेवणं झाली. दोननंतर गल्लीत पक्षाचा ऑटो फिरू लागला. गुडघे गेलेल्या वामनरावांना काजलनं हात धरून ऑटोत बसवलं. पलीकडच्या कुसुमताईंना दोनदा हाका मारल्या. ऑटो आमच्या दारावरून चारदा गेला. प्रत्येक वेळी हे खुर्चीत सरसावून बसले. काजलनं एकदाही इकडे पाहिलं नाही.

मला तिचा राग आला आणि यांचाही. एवढ्या मोठ्या माणसानं पोरीच्या हाकेची वाट बघत बसायचं!

"अहो, चला नं, मी येते सोबत. शाळा काय दूर आहे?"

"जाईन मी."

"काहून थांबून राहिले मग?"

पावणेसहाला उठले, चपला घातल्या आणि एकटेच गेले. मी फाटकापर्यंत गेले. शाळेच्या अलीकडे पक्षाचं टेबल असतं, तिथे दरवेळी यांना खुर्ची सोडतात. त्या टेबलाला टाळून हे पलीकडच्या फुटपाथनं चालले होते. चाळीस वर्षांत मी यांना कधी अशी मान खाली घालून चालताना पाहिलं नव्हतं.

परत आले तेव्हा दिवे लागले होते. बोटावर शाई होती. टीव्हीवर टक्केवारी सांगत होते.

"यंदा बराच कमी झाला टक्का," हे म्हणाले. "आपले लोक घरीच राहिले."

मी चहा पुढे ठेवला आणि तोंडातून निघूनच गेलं, "तुम्ही कोणाले दिलं?"

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी जीभ चावली, पण शब्द गेला तो गेलाच.

गल्लीतल्या हजार माणसांची मतं ज्यांना तोंडपाठ, ते माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरले होते.

"मत गुप्त असते, तारा," हे म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.