बुधवारचं घर

चिकपेटेतल्या कन्याशाळेच्या सकवारबाईंनी क्षमासाठी सात घरी वार लावले होते. रोज एका घरी जेवण. क्षमाला आई नव्हती; वडील लग्नाकार्यांतले आचारी. कामाला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. रात्री बळेपेटेतल्या मावशीकडे झोपते, असं ती सांगायची. वार मुलांचे लावतात, मुलीचा कोण लावतं, म्हणत सहा घरांनी आधी नाकं मुरडली. सातव्या घरच्या अनुसूयाक्का मात्र झटकन हो म्हणाल्या, आणि तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली. इतकं चांगलं कोणी असतं का?

अक्कांचा वार बुधवार. गुरुवारी क्षमाच्या नखांत राख दिसायची, बोटं सोललेली. विचारलं तर पोरगी मान खाली घालायची. घासभर अन्नासाठी पोरीला मोलकरीण केलीय, बाईंची खात्रीच पटली.

एका बुधवारी संध्याकाळी त्या न कळवता थेट अक्कांच्या परसात शिरल्या. भांड्यांचा ढीग, त्यात क्षमा, आणि पायरीवर आरामात बसलेल्या अक्का. बाईंचं डोकंच फिरलं.

"अक्का, लाज नाही वाटत?"

"स्वल्प थांबा बाई. मी नको म्हणते, तीच ऐकत नाही."

"हो तर! हिलाच मोठी हौस!"

"बाई, खरंच मीच मागून घेते," क्षमा घाईघाईने म्हणाली. "भांडी संपेपर्यंत अंधार पडतो. मग अक्का ओसरीवर झोपू देतात."

"आणि बळेपेटेतली तुझी मावशी?"

"मावशी नाहीच." ती पातेलं घासतच राहिली. "बाकीचे दिवस देवळाच्या कट्ट्यावर, नाहीतर बंद दुकानाच्या फळीवर. खोटं बोलले म्हणून शाळेतून काढू नका हो बाई."

बाईंनी जेवायला सात घरं शोधली, पण पोरगी झोपते कुठे, हे एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं.

अक्का पदर सावरत उठल्या. "माझं घर माणसांनी भरलंय, तरी बुधवारी ओसरी देते. तुम्ही दोन खोल्यांत एकट्या. सगळ्यांना वार लावलेत, सरी, बरंच केलंत. तुमचा वार कुठला, बाई?"

सकवारबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षमाजवळ उकिडव्या बसल्या.

"आजपासून रोज माझ्याकडे झोपायचं. ऊठ."

क्षमा उठली नाही. हातातलं पातेलं तसंच धरून ती बाईंकडे संशयाने बघत राहिली.

"तुमच्याकडे काय काय घासावं लागेल, बाई?"