चाळिशीच्या वरची यादी

महानंदा संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा चार नावं घेते. पहिलं गावच्या देवीचं, दुसरं लेकीचं, तिसरं नीरजाताईंचं. चौथं तिला नीट घेताच येत नाही, कारण ते एका कायद्याचं आहे. ‘तो दिल्लीचा कामगारांचा कायदा’ एवढंच ती पुटपुटते, पुढचं देवीनं समजून घ्यावं. कायद्यासाठी हात जोडणारी बाई बेंगळुरूच्या अख्ख्या जे. पी. नगरात दुसरी सापडायची नाही. हसू नका, आधी ऐका तरी.

जे. पी. नगरच्या आतल्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, रघुनंदनअण्णांचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे. माणसं बावीस. अण्णांचं घराणं इथं येऊन तीनशेच्या वर वर्षं झालेली, त्यामुळे त्यांची मराठी अशी की अर्धं वाक्य झालं की कन्नडातलं ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, येतं आणि चहा नेहमी ‘स्वल्प’च हवा असतो. महानंदा निपाणीची. कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं त्या मजल्यावर कोणी नव्हतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. गावातल्याच ठकुबाईबरोबर ती एका खोलीत राहायची, आणि दोघी एकाच युनिटात शेजारी शेजारी बसायच्या.

गेल्या गणपतीपासून महानंदाला डाव्या बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं ठीक, सुईत दोरा ओवता यायचा, पण बसच्या दाराची डावी कड खांद्याला लागायची तेव्हाच कळायची. एकदा ठकुबाईचा भरलेला चहा तिच्या कोपरानं सांडला. ठकुबाईनं तिला आंधळी म्हटलं, ते गमतीनंच. पण दुसऱ्या दिवशी तिनं अण्णांना सांगून आपलं मशीन डावीकडच्या भिंतीला लावून घेतलं. कारण काय, तर म्हणे पंख्याच्या वाऱ्यानं खांदा धरतो. खरं कारण असं की भिंतीतून कोणी काही पुढे करत नाही. शिलाईच्या कामात बाईचा डोळा गेला की बाई घरी गेली, हे तिला कोणी सांगायला नको होतं. आणि घर तरी कुठलं? लेक श्रीविद्या येलहंक्याला आपल्या संसारात होती. जावयाच्या दारात जाऊन बसायची महानंदाची तयारी नव्हती.

मग नोव्हेंबरात नवे कामगार कायदे लागू झाले आणि रघुनंदनअण्णांचं डोकं फिरलं. आधी दुकानाच्या पाटीवर कन्नड अक्षरं मोठी करून झाली, मग बायकांना पाळीसाठी महिन्याला एक पगारी सुट्टी आली, आणि आता हे, असं ते दोन दिवस येईल त्याला ऐकवत होते. जानेवारीत इंदिरानगरातल्या सल्लागारानं त्यांना दोन कामं सांगितली. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायचं, आणि चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाची वर्षातून एकदा फुकट तपासणी करायची. वीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला आता पत्र कसलं द्यायचं, असं अण्णा कुरकुरले आणि सगळे कागद त्यांनी लेकीच्या पुढ्यात टाकले.

ती नीरजा. बी.कॉम. झालेली, डोक्यानं शांत, आणि बापाचा आरडाओरडा एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून देणारी. तिनं ओळखपत्रं पाहिली आणि चाळिशीच्या वरची यादी भिंतीवर लावली. नऊ नावं. समोर तपासण्या लिहिलेल्या: रक्त, दाब, साखर, डोळे.

‘डोळे’ वाचून महानंदानं आधी आपलं नाव शोधलं. पण नावं पुन्हा पुन्हा वाचली तरी तिचं नाव नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. कागदावर ती अडतीस वर्षांची होती.

आता हे अडतीस कुठून आले ते सांगते. चौदा वर्षांपूर्वी गावाकडच्या बायका घेऊन ठकुबाई बेंगळुरूला आली, तेव्हा कपड्याच्या एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर तिशीच्या वरची बाई घेत नाहीत अशी बातमी होती. ठकुबाईनं तिथंच, रांगेत उभ्या उभ्या, सगळ्यांची वयं उतरवून दिली, भाजीवाल्यानं दुपारनंतर भाव उतरवावा तशी. महानंदाची आठ वर्षं गेली. पुढे आधार कार्डाच्या कॅम्पला आणि अण्णांकडे आल्यावरही तेच सांगितलं आणि ते कायमचं होऊन बसलं. महानंदा आठ वर्षांनी लहान झाली, पण तिच्या लेकीचं वय उतरवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

आणि महानंदाची जीभ. नीरजा दिसली की ती मायेनं म्हणायची, “तुम्ही आमच्या श्रीविद्येच्या वारगीच्या.” रोज. डबा उघडताना म्हणायची, घरी निघताना म्हणायची. श्रीविद्येच्या लग्नाला नीरजा येलहंक्याला गेली होती, तेव्हा तर तिनं दोघींना शेजारी उभं करून सगळ्या मांडवाला सांगितलं होतं, दोघी एकाच सालच्या म्हणून.

पत्रावर सही घ्यायला नीरजानं तिला आत बोलावलं. टेबलावर पत्र होतं, त्यात जन्मतारीख होती, एक जून एकोणीसशे सत्त्याऐंशी. नीरजानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग दार लोटून म्हणाली, “महानंदाक्का, मी सत्त्याण्णवची. श्रीविद्याही सत्त्याण्णवची. म्हणजे तुम्ही दहाव्या वर्षी बाळंत झालात का?”

आधी महानंदा हसली, मग तिनं हात जोडले. खोटं वय सांगितलं म्हणून काढून टाकू नका, एवढंच तिच्या तोंडून आलं. नीरजा चकित झाली. काढायचा प्रश्न कुठं आला, ही यादी तर तुमच्या फायद्याची, मग नाव नसल्यावर गप्प का बसलात, असं तिनं विचारलं. त्या एका साध्या प्रश्नानं महानंदाचा बांध फुटला. बसचं दार, सांडलेला चहा, भिंत, सगळं तिनं सांगून टाकलं. पाच महिने ठकुबाईलाही न सांगितलेलं अण्णांच्या लेकीसमोर असं भळाभळा बाहेर आलं, आणि सांगून झाल्यावर तिला आधी वाटलं ते हलकं, आणि मग भीती.

नीरजानं अण्णांनाच आत बोलावलं. महानंदाला वाटलं, संपलं. अण्णांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या मजल्याला माहीत होतं.

“मी तुला वय बघून घेतलं का? कॉलर बघून घेतलं,” ते म्हणाले. “पाच महिने डोळा जातोय आणि ही बाई मला पंख्याचं सांगते. नीरजा, तपासणी शुक्रवारी ना? हिला उद्याच ने.”

दुसऱ्या दिवशी नीरजा तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं चिठ्ठी करणाऱ्यानं वय विचारलं. महानंदानं नीरजाकडे पाहिलं आणि चौदा वर्षांनी पहिल्यांदा म्हणाली, सेहेचाळीस. म्हणताना ती लाजली, लग्नात उखाणा घेताना लाजतात तशी.

डॉक्टरीणबाई मोकळ्या मनाच्या होत्या. काचबिंदू आहे, म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढतो आणि कडेची नजर गुपचूप खात जातो, दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. डाव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “उजव्यात आत्ता कुठं सुरुवात आहे. रोज थेंब घातले तर आहे ते राहील. आणखी वर्षभर लपवलं असतं तर मी काही करू शकले नसते.”

महानंदा रिक्षात रडली. नीरजाला वाटलं गेलेल्या नजरेसाठी रडतेय, म्हणून ती पाठीवरून हात फिरवत राहिली. पण तसं नव्हतं. उरलेली नजर आपली आहे, ती कोणी काढून घेत नाही, आणि नोकरीही कोणी काढून घेत नाही, या सुखानं ती रडत होती. माणसं आपल्याशी इतकी चांगली वागतील हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

ती परत आली तोवर अण्णांनी तिचं मशीन भिंतीपासून काढून खिडकीपाशी, उजेडात लावलं होतं. तिच्या डावीकडे आता ठकुबाई बसणार होती. काही द्यायचं तर उजवीकडे जाऊन द्यायचं, असं अण्णांनी ठकुबाईला दोनदा बजावलं होतं.

पाच वाजता ठकुबाई मशीन बंद करून उठली, महानंदाच्या उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, “तुझी आठ वर्षं मी खाल्ली गं. माझ्यामुळं तुझं नाव राहिलं.” महानंदा म्हणाली, तेव्हा उतरवली म्हणून चूल पेटली, विसर ते. पण ठकुबाई विसरणारी नव्हती. ती तडक नीरजाच्या टेबलापाशी गेली आणि आपलं खरं वय सांगून टाकलं. कागदावर एकोणचाळीस होतं, खरं निघालं चोपन्न. तिच्यामागे दुसरी उभी राहिली, मग तिसरी. त्या संध्याकाळी अण्णांच्या युनिटात सहा बायका एकदम म्हाताऱ्या झाल्या. अण्णा डोक्याला हात लावून बसले, आता सगळ्यांचे आधार दुरुस्त करत फिरायचं म्हणून, आणि मग स्वतःच सगळ्यांसाठी स्वल्प चहा मागवला.

भिंतीवरची यादी नीरजानं पुन्हा लिहिली. सोळा नावं. नेमणुकीची पत्रंही नव्यानं काढली. ठकुबाईला वाचता येत नाही, म्हणून खोलीवर आल्यावर महानंदानं दिव्याजवळ धरून दोघींची पत्रं मोठ्यानं वाचली, नाव, काम, जन्मसाल, सगळं. अक्षरं बारीक होती, पण एकही ओळ सुटली नाही. वाचून झाल्यावर ठकुबाईनं थेंबांची बाटली घेतली, महानंदाला मान मागे टाकायला सांगितलं, आणि आधी उजव्या डोळ्यात थेंब सोडला.