सहीचा सीन

आमच्या क्लबात माणसं सात, कॅमेरा एक आणि नियम चाळीस. पटकथा सगळ्यांसमोर वाचायची, हात वर करून मतं घ्यायची आणि बहुमत म्हणेल तसाच सिनेमा काढायचा. पैसे कोणालाच मिळत नाहीत, म्हणून अक्कल शिकवायचा हक्क मात्र सगळ्यांना.

माझा सिनेमा अकरा मिनिटांचा होता. जुन्या राजवटीतलं पोलीस ठाणं, एक टेबल, एक साहेब, एक कैदी. साहेब तीन दिवस ओरडतो, मारतो, कागद पुढे सरकवतो. कैदी सही करत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सोडून देतात. संपला.

"तीन दिवस नको, सहा महिने कर," सी लमजद म्हणाले. हे गावातल्या शाळेचे हेडमास्तर आणि आमचे अध्यक्ष, म्हणून नावाआधी मानाचं 'सी'. "तिजानीकाकांना सहा महिने आत ठेवलं होतं."

"ही तिजानीकाकांची गोष्ट नाहीये."

"मग कोणाची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी, जिला सगळे तोंडाळ म्हणतात ती, गप्प बसले. सहा हात वर गेले आणि तीन दिवसांचे सहा महिने झाले.

गोष्ट माझ्या बाबांची होती, आणि ते त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी खाणीतला संप मोडला तेव्हा पोलिसांनी गावातून दोघांना उचललं. एक रेल्वेतले तिकीट तपासनीस तिजानीकाका आणि दुसरे माझे बाबा, अमारा न्हावी. संप चालवणारे नूरी मास्तर कुठे लपलेत, एवढंच पोलिसांना हवं होतं. बाबा तिसऱ्या दिवशी सुटले, चौथ्या दिवशी नूरी मास्तर सापडले आणि पुढे तुरुंगातच वारले. तिजानीकाका सहा महिन्यांनी पाय ओढत बाहेर आले. गावाने तेवढ्यावरून ठरवून टाकलं की सही बाबांनी केली. तेव्हापासून गावातला एकही बाप्या बाबांच्या खुर्चीत बसलेला नाही. फॉस्फेट वाहणारे परगावचे ट्रकवाले येतात, त्यांच्या दाढ्यांवर मी वाढले.

शूटिंग शुक्रवारी दुपारी, क्लबाच्या अडगळीच्या खोलीत. अध्यक्ष म्हणून साहेबाचं काम सी लमजदनी स्वतःकडे घेतलं. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या दरवानाचा कोट मिळाला होता, तो चढवून ते टेबलामागे उभे राहिले. कैदी झाला होता गस्सान, वय चोवीस, सी लमजदचा जुना विद्यार्थी. ते "बोल, हरामखोरा!" असे ओरडले की गस्सानला पाढे न म्हटल्याची आठवण यायची आणि तो फिसकन हसायचा. दोन टेक तर जाणाऱ्या मालगाडीने खाल्ले. चौदाव्या टेकला कॅमेऱ्यावरचा वजदीही हसायला लागला. लग्नांचं शूटिंग करून पोट भरणारा माणूस तो, त्याची सहनशक्ती मोठी, तरी संपली.

तिजानीकाका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. क्लब त्यांनीच काढलेला, आणि असल्या सीनला त्यांच्याइतका जाणकार दुसरा कोण? ते उठले.

"लमजद, काढ तो कोट."

"काका, तुम्ही कशाला..."

"काढ म्हणतो ना. असं नसतं ते."

कोट त्यांना दंडात घट्ट झाला. टेबलाशी बसून त्यांनी आधी दिवा बाजूला केला. "डोळ्यांवर येतोय ना रे, पोरा? या पोरासाठी चहा आणा कोणीतरी." पटकथेत चहा नव्हता. मी माझ्या थर्मासमधला ओतून दिला. वजदीने कॅमेरा चालूच ठेवला.

"तू दलीलाचा मुलगा ना?" तिजानीकाका हळू आवाजात म्हणाले. "गुडघे कसे आहेत आईचे? जिना चढवत नसेल आता. आणि बहीण यंदा परीक्षेला. तिला शाळेत कोण सोडतं?"

"मी... मीच सोडतो," गस्सान म्हणाला. हे काही त्याचं वाक्य नव्हतं.

"मग इथे काय करतोस? जा की घरी. मी कुठे धरून ठेवलंय? हा कागद बघ, यात नवीन काही नाही, आम्हाला सगळं आधीच कळलेलं आहे. तुझी सही असली काय नि नसली काय. माझी कारकुनी तेवढी पुरी होते. चहा घे बाबा, गार होतोय."

गस्सानने चहा घेतला. मग पेन उचललं आणि कागदावर स्वतःची खरी सही केली, वडिलांच्या नावासकट. पेन खाली ठेवल्यावर तो स्वतःच दचकला.

"वा काका, कमाल!" सी लमजद जरा मोठ्यानेच हसले. "आता पटकथेप्रमाणे एक घेऊन टाकू."

"असंच असतं ते."

"पण तुम्ही कुठे सही केलीत?"

तिजानीकाका कोटाची बटणं काढत होते. "केली," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी केली. चहा पिऊन."

मला तो थर्मास त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. हा माणूस तीस वर्षं माझ्या बापाच्या रिकाम्या दुकानावरून चालत गेला होता. वर सलामही घालत होता.

ते पाय ओढत निघून गेले. दार लागताच सी लमजद म्हणाले, "वजदी, हे पुसून टाक. म्हातारा दमलाय, काहीतरी बरळला. गावात एकच तर माणूस आहे अभिमान धरावा असा. मत घेऊ." वजदी आणि मी सोडून बाकी सगळे हात वर गेले. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि ब्लाऊजमध्ये खोचलं.

"सोन्दुस! क्लबाचा नियम आहे!"

"चुलीत घाला तुमचा नियम!"

घरी बाबा वस्तरा चामड्यावर घासत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून. आत आम्ही दोघं, आणि मी तर केली नव्हती. गणित काय अवघड आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. वर्षभर दारोदार बोललो. सही करणारा दुसरं काय सांगणार, म्हणाले. मग तोंड दुखायला लागलं."

मी रडले, आणि रडू आल्याचाच मला जास्त राग आला. दोन दिवसांनी तिजानीकाकांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. शुक्रवारचा तो माणूस कुठेच दिसत नव्हता.

"पुसलंस का?"

"नाही."

"पुस, पोरी. तोंडातून निघून गेलं. म्हातारपणी गावात तोंड कसं दाखवू?"

"पुसणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर दाखवणारही नाही. पण पुसणार नाही."

"म्हणजे जन्मभर माझ्या डोक्यावर बसणार?"

"तीस वर्षं तुम्ही आमच्या डोक्यावर बसलात. मी आत्ता कुठे टेकतेय."

त्यांनी दार लावून घेतलं. विषय संपला असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी क्लबाचा वार्षिक खेळ होता. अख्खं गाव येतं, चार सिनेमे बघतं आणि नंतरच्या चर्चेत तासभर भांडतं. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नव्हतंच. तरी मी भांडून बाबांना घेऊन गेले. ते शेवटच्या रांगेत बसले, आणि पाच मिनिटांत ती रांग आमची एकट्यांची झाली. मी सगळ्यांना दिसेल अशी ताठ बसले.

चौथा सिनेमा संपला. सी लमजद चर्चेसाठी पुढे आले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "एक राहिला."

"काका, वेळ झालाय..."

"मी हा क्लब काढला तेव्हा तू चड्डीत होतास. बस खाली. सोन्दुस, लाव तुझा."

कार्ड माझ्याजवळच होतं. मी तो टेक जसाच्या तसा लावला, एक कट न करता. गस्सानने सही केली आणि मागून एकजण ओरडला, "हाच तो अमारा! बरोबर दाखवला!" बरेच लोक हसले. बाबा समोर बघत राहिले.

तिजानीकाका उठले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले. "अमारा नाही. मी आहे तो. नूरीचा पत्ता मी दिला. अमाराने दिला नाही. पत्ता माझ्याकडून मिळाला, त्याची गरज उरली नाही, म्हणून त्याला हाकलून दिलं. मला मात्र आणखी नावं मिळतील म्हणून ठेवून घेतलं, आणि पाय सहीनंतर मोडला. आता याचा उपयोग नाही, म्हणाले."

"बसा काका!" "कोणीतरी घरी न्या त्यांना!"

"नाही बसणार. बसलो तर उद्या म्हणाल, म्हातारा दमला होता. मी दमलेलो नाही. मी सही केली. अमाराने केली नाही. ज्याला ऐकू आलं नसेल त्याने पुढे यावं, मी परत सांगतो."

ते उभेच राहिले. एकेक डोकं वळून शेवटच्या रांगेकडे बघायला लागलं. सी लमजदनी हात वर केले. "मित्रांनो, दिवसच वाईट होते. दोष कोणाचाच नाही. चला, दोघांसाठीही जोरदार टाळ्या..."

"टाळ्या नकोत," बाबा म्हणाले.

ते उठले. बाबा चार लोकांत बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"उद्या सकाळपासून एकेकजण मान खाली घालून माझ्या दुकानात येणार. ओळखतो मी तुम्हाला. येऊ नका. मला ट्रकवाले पुरतात."

मग त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. "तिजानी, तू ये. दाढी वाढलीये तुझी."

तिजानीकाकांनी हनुवटीवरून हात फिरवला.

"किती वाजता?"

"आठला उघडतो."

"येतो," तिजानीकाका म्हणाले.