कार्डाची जागा

मामाने खोका कानाशी नेला आणि हळूच हलवून पाहिला.

"काका, तो नारळ नाही हो," दुकानाची मालकीण म्हणाली.

"नारळ असता तर एव्हाना फोडला असता," मामा म्हणाला आणि खोका काउंटरवर ठेवला. "आत काही सुटं वाजत नाही. चालेल."

खोक्यात मदरबोर्ड होता. तो हलवून बघायचा नसतो हे भाचीने मामाला सांगितलं नाही. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आलेल्या माणसाला कुठलीही वस्तू आधी ऐकायची असते. मघाशी तिसऱ्या मजल्यावरच्या या दुकानाकडे येतानाही तो लिफ्टच्या भिंतीला तळवा टेकून डोळे मिटून उभा होता आणि दार उघडल्यावर "वर कुठेतरी तेल हवंय" एवढंच पुटपुटला होता. शेजारी उभ्या असलेल्या बाई घाबरून लगेच बाहेर पडल्या होत्या.

कॉम्प्युटर भाचीच्या पगारातून यायचा होता. त्यावर मामाने आधी कानांवर हात ठेवले, मग मामीच्या तोंडाकडे बघून एक आकडा सांगितला. याच्या वर एक पैसा नाही. आणि सुटे भाग आपण स्वतः निवडणार, तयार खोका नको. गेम खेळायला साधा, स्वस्त कॉम्प्युटर, बस. संध्याकाळी तो त्याच्या घरी बसेल, ती तिच्या घरी बसेल, आणि दोघं पूर्वीसारखे ट्रक पळवतील. जुना कॉम्प्युटर मामाच्या आजारपणात, कुणाचं लक्ष नसताना, एक दिवस सुरूच झाला नव्हता.

"प्रोसेसर हा घ्या," मालकिणीने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "चित्रं दाखवणारा भाग यातच आहे. तुमच्या ट्रकला पुरेल. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर तुमचा आकडा तिथेच संपला."

"मग हाच. आणि रॅम एक मोठी द्या."

"एक मोठी नको, दोन लहान घ्या. या प्रोसेसरला दोन लागतात. एकटी असली की गेम अडखळतो, दोघी असल्या की काम वाटून घेतात."

"म्हणजे आमच्यासारखंच," मामाने भाचीकडे बोट दाखवलं. "एक कीबोर्ड आणि दोन माणसं."

भाची हसली. शाळा सुटल्यावर आई कामावरून परत येईपर्यंत ती मामाकडे असायची. मामा पहाटेची पाळी मुद्दाम मागून घ्यायचा, म्हणजे दुपारी घरी असेल. मग एकाच कीबोर्डवर शर्यत लागायची. बाणांची चार बटणं नेहमी तिची. मामा डावीकडची अक्षरं घ्यायचा, त्याची जाड बोटं एकमेकांत अडकायची, आणि त्याची गाडी भिंतीवर जाऊन आदळायची. तो रोज हरायचा आणि रोज कीबोर्डला शिव्या द्यायचा. पुढे केव्हातरी एकटीच खेळताना तिने ती अक्षरं घेऊन पाहिली, तिचीही बोटं एकमेकांत अडकली, आणि तिला कळलं की आपण इतकी वर्षं जिंकत होतो ते कशामुळे. याबद्दल तिने त्याचे कधी आभार मानले नव्हते. तसा शब्द तोंडातून काढला असता तर त्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. पण ती ते विसरली नव्हती. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री तिला कधी जड गेल्या नाहीत, त्याचं कारण हेच होतं.

कॅबिनेट निवडायला वेळ लागला. मालकिणीने काचेचं, आतून रंगीबेरंगी दिव्यांनी उजळणारं दाखवलं.

"एवढे दिवे लावून आत कोण राहायला येणार आहे?" मामाने विचारलं.

"मुलांना आवडतं, काका."

"मी पण मूलच आहे, पण जरा जुनं. तो काळा द्या. पंखा चालू करून दाखवा."

पंखा चालू झाला. मामाने मान तिरकी करून ऐकलं आणि पसंतीची मान हलवली. भाचीला त्याच्या मानेवर नव्याने आलेले, बाळाच्या जावळासारखे मऊ केस दिसले. तिने पटकन नजर वळवली.

मग घोडं अडलं ते पॉवर सप्लायपाशी. मालकिणीने दोन खोके शेजारी शेजारी ठेवले, एक लहान, एक मोठा. मदरबोर्ड बाहेर काढून तिने त्यावरच्या एका लांब खाचेवर पेन टेकवलं.

"ही ग्राफिक्स कार्डाची जागा. आज रिकामी राहील. पण पुढे कधी कार्ड घ्यावंसं वाटलं तर ते इथे बसेल. कार्ड वीज खातं, लहान सप्लायला ते झेपणार नाही. म्हणून म्हणते, आत्ताच मोठा घेऊन ठेवा. आकड्याच्या थोडं वर जाईल, पण नंतर सगळं उघडावं लागणार नाही."

मामाने खाचेवरून बोट फिरवलं.

"पुढचं पुढे," तो म्हणाला. "आजच्यापुरता लहान पुरे."

"मामा, मी देते ना वरचे," भाची म्हणाली.

"पैशाचं नाही गं. नसत्या गोष्टीसाठी कशाला?"

भाची खोक्यावरचा सुटत आलेला स्टिकर नखाने खरवडत राहिली. हे 'आजच्यापुरतं' तिच्या चांगलंच ओळखीचं झालं होतं.

डॉक्टरांनी शेवटचे रिपोर्ट बघून सगळं साफ आहे असं सांगितलं, तेव्हा मामीने हॉस्पिटलच्या जिन्यातच बसकण मारली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता ढसाढसा रडली होती. मामा नुसता "बरं" म्हणाला आणि पार्किंगची पावती शोधू लागला. सगळ्यांना वाटलं, माणूस थकलाय, सावरेल. तब्येत सावरलीही. जेवण वाढलं, चालणं वाढलं, मामीची टिंगल पुन्हा सुरू झाली. पण टूथपेस्ट आणायला सांगितली की तो सगळ्यांत लहान ट्यूब आणायचा. फोनचं वर्षाचं रिचार्ज सोडून महिन्याचं करायला लागला. चपला झिजल्या तर नव्या न घेता तळ बदलून आणले. मामीने मोठ्या कुंडीत लिंबाचं रोप लावायचं काढलं, तर म्हणाला, "त्याला लिंबं कधी यायची? कोथिंबीर लाव, पंधरा दिवसांत खाता येईल." मामीने कोथिंबीरही लावली नाही. कुंडी रिकामीच ठेवली.

तो दुःखी नव्हता, हेच तर अवघड होतं. उरलेल्या दिवसांबद्दल तो मनापासून कृतज्ञ होता. मिळालं तेवढं खूप झालं, असं तो हसत हसत म्हणायचा. पाहुणा कितीही आनंदात असला तरी बॅग उघडून कपडे कपाटात लावत नाही, तसं त्याचं चाललं होतं. आणि घरातल्यांना तो पाहुणा नको होता.

मालकीण लहान सप्लायचा खोका पुढे सरकवत म्हणाली, "काका, तुम्ही लिफ्टचं काम करता म्हणालात ना? मग आमच्या लिफ्टचं जरा सांगा. तो आवाज ऐकून मला रोज भीती वाटते. दोर तुटला तर?"

मामाचा चेहरा खुलला. असा प्रश्न कुणी विचारला की त्याला चहासुद्धा लागत नसे.

"आवाज तेलाचा आहे, दोराचा नाही. तुटत नाही तो. आत किती माणसांचं लिहिलंय? आठ ना? मग दोर काय आठ माणसांचा असतो का?"

"किती माणसांचा असतो?"

"त्याच्या कितीतरी पट. आणि एकच नसतो, चार-पाच असतात. त्यातला एकटाही सगळा भार धरेल."

"अगंबाई! मग एवढा जास्तीचा कशाला? उगीच वाया."

"वाया?" मामाला ते लागलं. "बाई, बेताचा दोर लावला तरी लिफ्ट चालेल. मोटरला काय कळतंय? पण तसल्या लिफ्टमध्ये मी माझ्या भाचीला चढू देणार नाही. तो जास्तीचा दोर वापरायचा नसतोच कधी. पण तो आहे म्हणून माणूस आत निवांत मोबाइल बघत उभा राहतो. नाहीतर प्रत्येक मजल्याला देवाचं नाव घेत..."

तो बोलता बोलता थांबला. काउंटरवरचा लहान खोका त्याने उचलला, हातात तोलला, आणि पुन्हा खाली ठेवला. मालकीण पदराने चष्मा पुसत होती. भाचीला काही बोलावंसं वाटलं, पण नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. मामीचा होता. ती बाहेर पॅसेजमध्ये गेली.

"काय म्हणतायत तुझे मामा? घेतायत काही, की नुसतं हलवून बघतायत?"

"हलवून बघतायत."

मामी खळखळून हसली. "मी टेबल रिकामं केलं गं. तो औषधांचा मोठा डबा होता ना, तो कपाटात टाकला. टेबलावर इतकी जागा होती हे विसरलेच होते मी."

"छान केलंस."

"ऐक ना." मामीचा आवाज खाली आला. "त्यांनी एखादं जास्तीचं काही मागितलं तर नाही म्हणू नकोस हं. मी देईन पैसे. हल्ली काही मागतच नाहीत गं. आधी कसे, दुकानात गेले की लहान मुलासारखे हट्ट करायचे. मी ओरडायचे. आता ओरडायला काही ठेवलंच नाही त्यांनी."

"नाही म्हणणार नाही," भाची म्हणाली. पॅसेजच्या टोकाला लिफ्ट येऊन थांबली, दोन माणसं फोनमध्ये बघत बाहेर पडली, आणि लिफ्ट पुन्हा कुरकुरत खाली गेली. भाचीने डोळे पुसले, थंड पाण्याच्या नळाशी जाऊन पाणी प्यायली आणि आत आली.

सामान बांधून तयार होतं. कॅबिनेट, बोर्ड, रॅमची दोन पाकिटं, डिस्क, एक साधा कीबोर्ड. त्यांच्या शेजारी पॉवर सप्लायचा खोका होता. तो मोठा होता.

"हा चुकून मोठा आलाय," भाची म्हणाली. "आमचा लहान ठरला होता."

मालकिणीने मामाकडे पाहिलं. मामा कीबोर्डच्या खोक्यावरचं बारीक अक्षर फार लक्ष देऊन वाचत होता.

"चूक नाही," मालकीण म्हणाली. "काकांनीच बदलून घेतला. वरचे त्यांनी दिले."

"मामा?"

"तुझ्या आकड्याला हात लावलेला नाही," मामा खोक्यावरून मान वर न करता म्हणाला. "वरचं ते माझं आहे."

"अरे, पण मघाशी तर..."

"मघाशीचं मघाशी." त्याने खोका ठेवला आणि कान खाजवला. चोरी पकडली गेली की तो नेहमी कान खाजवायचा. "या बाई म्हणतात, चांगलं कार्ड आज महाग आहे. पण दोन वर्षांनी निम्म्या किमतीत येईल."

पैसे देताना भाचीने त्या मोठ्या खोक्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. आभार कुणाचे मानायचे ते तिला कळेना. डॉक्टरांचे की या चष्मेवाल्या बाईंचे, की बाहेरच्या त्या कुरकुरणाऱ्या लिफ्टचे. शेवटी ती मालकिणीलाच "थँक्यू हं" म्हणाली. ते इतकं मनापासून होतं की मालकिणीने गोंधळून त्यांना एक माउसपॅड फुकट दिला.

पॅसेजमध्ये आल्यावर भाचीने हात पुढे केला. "तो सप्लाय जड आहे. दे माझ्याकडे."

"असू दे. तू ते कॅबिनेट सांभाळ."

लिफ्ट आली. या वेळी मामाने भिंतीला हात लावला नाही. खोका पोटाशी धरून तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. लिफ्ट वरून कुरकुरली आणि खाली निघाली.

"कार्ड घ्यायला पण इथेच येऊ," तो म्हणाला. "बाई बरी आहे."

"येऊ," भाची म्हणाली.

"आणि जाताना वाटेत त्या रोपवाल्याकडे गाडी जरा थांबव."